अर्धा इंच तार

१

तांडापेठेतल्या त्या घरात खोल्या दोन आणि धंदेही दोन. पुढच्या खोलीत शालिकरामचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल, मागच्या खोलीत कुसुमावतीचा हातमाग. शालिकराम जन्मानं विणकर, पण धोटा फेकण्यात त्याचं मन कधी रमलं नाही. घरोघरी रेडिओ आले तसा तो त्यांच्या नादी लागला आणि माग बायकोच्या गळ्यात पडला. तिची काही तक्रार नव्हती. सकाळी नऊला ती मागावर बसे, आणि आतून खट्-खटाक् सुरू झालं की हा इकडे डाख द्यायचं आयर्न तापत ठेवी. बावीस वर्षांत त्या आवाजाची त्याला इतकी सवय झाली होती की तो चालू असल्याचं त्याला कळतही नसे. थांबला की मात्र मान वर करून विचारी, "काय झालं वं?"

मूलबाळ नव्हतं, आणि त्याविषयी बोलणं दोघांनीही कधीच सोडलं होतं. शालिकराम माया दाखवणाऱ्यांतला नव्हे. बायको आजारी पडली तर औषध आणून द्यायचा आणि पुन्हा टेबलाशी जाऊन बसायचा. पण तिचा माग थांबलेला त्याला खपत नसे. यालाच प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

एकोणऐंशी सालच्या श्रावणात रविंद्र आला. लग्नात, गणपतीत सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. एका हातात त्याची नवी चकचकीत गिटार, दुसऱ्या हातात वाळवीनं खाल्लेली एक जुनी.

"शालिकभाऊ, माह्या गिटारीचा आवाज टिनावानी येते. ह्या जुनीचं सारं काढा अन् नवीत बसवून द्या. खुंट्या, ब्रिज, पिकअप, सारंच. मले तो जुना आवाज पायजे."

"कोनाची हे?"

"अजनीच्या रेल्वे क्वार्टरातल्या गार्डसाहेबाची. जाताना देऊन गेले मले."

"जाताना म्हंजे?"

"ऑस्ट्रेलियाले गेले, पोरीकडं. मेले नाई काही. काहून घाबरून राहिले?"

शालिकराम घाबरला नव्हता. त्यानं जुन्या गिटारचा पिकअप सोडवला. पिकअप म्हणजे तारांखालची डबी. आत लोहचुंबक, त्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की डबीत वीज हलते आणि एम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. त्यानं मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. आत कुठेतरी तार तुटली होती.

केवळ रिवाज म्हणून त्यानं डबी एम्प्लिफायरला जोडली. दोनदा कोरडा खोकला ऐकू आला, मग कुणीतरी घसा साफ केला. बाहेर रविंद्र लुनाला पायडल मारत होता. त्याचाच असेल, असं शालिकरामला वाटलं. लुना सुरू झाली, गल्लीच्या वळणावर तिचा आवाज विरला. खटका बंद करायला त्यानं हात पुढे केला तेव्हा एम्प्लिफायरच्या डब्यातून पुन्हा खोकला आला. दोनदा कोरडा, मग घसा साफ.

तुटलेल्या तारेतून काही येत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आपण काही ऐकलंच नाही असं त्यानं ठरवलं आणि जेवायला उठला.

२

बारीक तार गुंडाळण्याचं काम कुसुमावतीचं. शालिकरामच्या बोटांना घाम यायचा, तार तुटायची. तिच्या हातून मात्र कधी तुटली नव्हती. सूत भरायच्या चरख्याच्या चातीवर ती पिकअपची रीळ बसवायची आणि एका हातानं चाक फिरवत, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडत वेढे घालायची. गावातले दुसरे मिस्त्री मशीन घ्यायच्या गोष्टी करत होते. शालिकरामला त्याची गरज नव्हती.

त्यानं तिला सांगितलं की जुनी तार सगळी काढून टाक आणि नवी भर. एवढं सांगून तो इतवारीत स्क्रू आणायला गेला. दुपारी परत आला तर रीळ भरून टेबलावर ठेवलेली. फक्त कचऱ्याच्या डब्यात जुनी तार टाकलेली दिसली ती चिमूटभर.

"जुनी कुठं हाय बाकीची?"

"आतच हाय. वरवरचीच तुटली होती. तेवढी काढली अन् आतल्याले नवी जोडली."

"काहून वं? म्या सारी काढ म्हनलं होतं."

"कोनी ताना असा मुळापासून काढते का?" ती सहज म्हणाली.

हे त्यालाही ठाऊक होतं, कारण तोही त्याच घरात वाढला होता. मागावरचं कापड कापून काढलं तरी ताण्याचे शेवटचे उभे दोरे फणीत तसेच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा त्यांना पिळून जोडतात. माग कधी रिकामा करत नाहीत. कुसुमावतीच्या मागावरच्या दोऱ्यांना तिच्या सासूचे दोरे जोडलेले होते, त्यांना आजेसासूचे. ही बाई तांब्याच्या तारेशीही तशीच वागली. बोटाला चुलीतली राख लावली, टोकं थुंकीनं ओली केली आणि पीळ दिला.

शालिकरामला हसू आलं. तारेवर लाख असते, ती खरवडल्याशिवाय जोड लागत नाही. त्यानं मीटर लावला आणि काटा सरळ वर गेला. राखेनं लाख घासली गेली असेल, असं तो मनाशी म्हणाला. बायकोच्या हाताचं त्याला थोडं कौतुकही वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट्या बसल्या, तारा टेकतात तो निकेलचा जुना ब्रिज बसला, पिकअप बसला. शालिकरामनं एम्प्लिफायर लावून तार छेडली. आवाज असा भरून आला की त्यानं दोनतीनदा उगाचच छेडून पाहिली.

तारा थांबल्यावरही डब्यातून काहीतरी येत राहिलं. खट्-खटाक्. खट्-खटाक्.

माग. सैल गुंडाळलेला पिकअप खोलीतले आवाज पकडतो, यात नवल काही नाही. टेबलावर टिचकी मारली तर तीही डब्यातून आली. त्यानं आवाज कमी करत करत शून्यावर आणला. माग थांबला.

"काय झालं वं?"

"काय होते?" कुसुमावतीचा आवाज बारीक आला.

तो उठून दारात गेला. ती विणत होती. धोटा इकडून तिकडे पळत होता, हात ठोकत होता, आणि खोलीत आवाज नव्हता. परत येऊन त्यानं बटण फिरवलं, तर माग डब्यातून वाजू लागला, तिच्या बांगड्यांसकट. मग त्यानं एम्प्लिफायरचा खटकाच बंद केला. दोन ठोके तसेच गेले. तिसऱ्याला आतल्या खोलीतून आवाज आला, नेहमीसारखा.

त्यानं स्वतः मागावर बसून चार धोटे फेकून पाहिले आणि तिला बटण फिरवायला सांगितलं. त्याचा आवाज खोलीतही आला, डब्यातूनही आला. तिचाच तेवढा एका वेळी एकीकडे होता.

"कानात मळ झाला असन तुमच्या," कुसुमावती म्हणाली.

त्यालाही ते पटण्यासारखं वाटलं. शिवाय असल्या डबीवरचा इलाज ठरलेला असतो. मेण वितळवायचं आणि डबी त्यात बुडवून ठेवायची. मेण वेढ्यावेढ्यात शिरतं, थंड झालं की सगळं घट्ट बसतं, आणि मग तारांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. त्यानं पातेल्यात मेण पातळ केलं आणि डबी सोडली. बारीक बुडबुडे बराच वेळ वर येत राहिले. संध्याकाळी जोडून पाहिलं तर फक्त तारा बोलत होत्या.

रविंद्र गिटार घेऊन खुशीत गेला.

४

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, आयर्न तापलं, आणि आतून आवाज आला नाही. एम्प्लिफायर बंद होता. गिटारही घरात नव्हती. कुसुमावती विणत होती.

शालिकरामनं कान धुतले. मग घड्याळाची टिकटिक ऐकली, गल्लीतल्या सायकलची घंटी ऐकली. सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या बायजाबाई दारातून जात होत्या, त्यांना त्यानं थांबवलं.

"बायजाबाई, कुसुमचा माग आयकू येते का तुमाले?"

"नाई बा. मीच इचारनार होती, आज काहून बंद हाय?"

चार दिवसांत एकेक करून सगळं गेलं. आधी माग, मग बांगड्या, मग तिच्या हातातली भांडी. चुलीपाशी तिच्या हातून तांब्या पडला, घरंगळत उंबऱ्याशी आला, आणि त्यानं पाय लावला तेव्हा पहिल्यांदा वाजला. शेवटी तिचं बोलणं बारीक होऊ लागलं.

"अवो, आयका ना," ती अगदी जवळ येऊन म्हणाली. "मलेच मी आयकू येऊन नाई राहिली."

त्यानंतर ते एवढंही आलं नाही. फक्त ओठ हलत.

शालिकरामला भीती वाटायला हवी होती. तो वाट पाहत होता, आता वाटेल, मग वाटेल. पण आवाज जसा कमी झाला तसं आतलंही काहीतरी कमी होत गेलं होतं. तो रेडिओ उघडायचा, मिटायचा. आवाज नसलेलं माणूस किती लवकर नजरेआड होतं याची त्याला कल्पना नव्हती. पाचव्या दिवशी बायजाबाईंनी दारातून विचारलं, "कुसुम माहेरी गेली का?"

"हो," तो म्हणाला, आणि पुन्हा डाख देऊ लागला.

बऱ्याच वेळानं त्याला जाणवलं की ती मागेच उभी आहे. सगळं ऐकून. तिनं त्याचं मनगट धरलं. हात गरम होता. दुसऱ्या हातानं तिनं हवेत चाक फिरवल्यासारखं केलं, मग चिमटीत नसलेल्या दोऱ्याला पीळ दिला, आणि एम्प्लिफायरकडे बोट दाखवलं.

तिला कळलं होतं. त्यालाही कळलं होतं, पण आपण उद्यापर्यंत हेही विसरून जाऊ, हे तिच्या तोंडाकडे पाहून त्याला समजलं. तेव्हा मात्र तो चप्पल घालून निघाला.

५

इतवारीत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर ऑर्केस्ट्राची तालीम दुपारी चालायची. खाली हातगाड्यांची आरडाओरड, टेम्पोचे हॉर्न. शालिकराम जिन्यात पोचला तेव्हा गाणं चालू होतं. ते संपलं, आणि मंडळी पाणी प्यायला पांगली. गिटार खुर्चीला टेकवलेली होती, तिचा एम्प्लिफायर चालूच होता.

खट्-खटाक्. खट्-खटाक्.

"ते राहू द्या, शालिकभाऊ," रविंद्र म्हणाला. "ठेक्याले कामी येते. पन मधीमधी कोनीतरी बोलते. रेडिओ पकडत असन."

शालिकराम डब्यापाशी उकिडवा बसला. माग थांबला. बांगड्या वाजल्या.

"चहा मांडू का?"

कुसुमावती. रोज दुपारी तीनला ती असंच विचारायची, प्रश्नाच्या शेवटी थोडा दम घेऊन. त्याच्या ओठावर "मांड" आलंही होतं. तेवढ्यात डब्यातून दोनदा कोरडा खोकला आला आणि कुणीतरी घसा साफ केला, घरचा माणूस हो म्हणताना करतो तसा. भांडं चुलीवर ठेवल्याचा आवाज झाला.

मग कुसुमावती हसली.

ती शेवटची कधी हसली होती ते शालिकरामला आठवेना. त्यानं आठवून पाहिलं. माडीवर पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडीवाल्याला शिव्या घालत होतं. त्याला वाईट वाटलं, पण लांबून, दुसऱ्याच्या घरचं ऐकल्यासारखं.

"पिकअप वापस दे गा," तो म्हणाला.

"अवो, रविवारी प्रोग्राम हाय माहा!"

"दुसरा बसवून देतो. रविवारच्या आधी. हा खराब हाय."

रविंद्रनं खूप कुरकुर केली. शालिकरामनं पेचकस काढला आणि तिथंच खुर्चीत बसून डबी सोडवली.

६

मेण पुन्हा वितळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चरख्याला बसली, ती चाकाशी, तो रिळाशी. वेढे उलटे सोडवायचे होते, आणि तार मधेच तुटली असती तर आतलं टोक वेढ्यांत हरवलं असतं, ते पुन्हा सापडलं नसतं. हे त्यानं तिला सांगितलं. तिनं मान हलवली. ती जवळ आहे याची खात्री करायला तो मधूनमधून तिच्या गुडघ्याला हात लावत होता.

जुना चरखा एरवी कुरकुरायचा. आज तिच्या हाताखाली तो मुकाट फिरत होता. समोर गेल्या दिवाळीत रंग मारलेली भिंत, कोपऱ्यात मागाची चौकट, दारातून आत आलेलं ऊन. तार निघत होती. शालिकरामची बोटं घामेजली, त्यानं ती राखेत बुडवली. दोन तास गेले, तीन गेले. एकदाही तुटली नाही.

मग सांधा आला. काळपट, तिच्या बोटांनी दिलेला पीळ. पलीकडे गार्डसाहेबाची जुनी तार, तपकिरी झालेली.

कुसुमावतीनं चाक थांबवलं. शालिकरामनं कात्री घेतली तशी तिनं घाईघाईनं हात पुढे केला. बोटांनी उलटा पीळ देऊन दाखवला. उकलायचा. कापायचा नाही, उकलायचा. आणि ती पुन्हा पुन्हा तेच दाखवत राहिली, ओठ भराभरा हलवत.

"होते गा तसंच," तो पुटपुटला. 'वं' सोडून 'गा' म्हणत, गड्याशी बोलावं तसं तो तिच्याशी बोलला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तार केसाएवढी, सांधा मेणानं बसलेला. उकलताना तुटला तर? बावीस वर्षं तो तारा कापत आला होता. त्यानं कापली.

आणि जशी नेहमी कापायचा तशीच कापली. सांध्याच्या पलीकडे अर्धा इंच सोडून, कारण पुढं कधी डाख द्यायचा झाला तर टोक हाताशी असावं लागतं. मिस्त्रीची सवय. नव्या तारेच्या टोकाला अर्धा इंच तपकिरी तार लोंबत राहिली.

चरखा कुरकुरला.

कुसुमावतीचा हात चाकावर होता. तिनं तो उचलला आणि बांगड्या वाजल्या. ती उठली तशी साडी सळसळली, जोडवी फरशीवर टेकली, बाजूचा कप हातानं सरकला तोही वाजला. शालिकराम ते सगळं ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण समोरचं पुसट झालं.

तिनं मागाकडे पाहून विचारलं, "चहा मांडू का?"

आवाज तोच. शेवटी थोडा दम घेतलेला. शालिकरामनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्याच घशातून दोनदा कोरडा खोकला आला आणि तिनं घसा साफ केला, जाड, पुरुषी.

मग ती हसली आणि चुलीकडे गेली.

ती दोन कप घेऊन आली. शालिकरामनं हात पुढे केला होता. ती त्याच्या बाजूनं निघून गेली. मागावर बसून तिनं एक कप संपवला, मग दुसरा, आणि मधूनमधून हळू आवाजात काहीतरी बोलत, खोकत, हसत राहिली.

त्यानं तो अर्धा इंच आता कापून टाकला. काही फरक पडला नाही. मग सांधाच कापला, मग तार बोटभर, मग वीतभर.

मागाचं खट्-खटाक् सुरू झालं. शालिकराम पुढच्या खोलीत आला. नऊ कधीच वाजून गेले होते, एका गिऱ्हाइकाचा रेडिओ टेबलावर उघडा पडला होता. घरात आवाज होता. त्यानं आयर्न लावलं आणि ते तापायची वाट पाहत बसला.

दुपारी तीनला माग थांबला. त्यानं मान वर केली, आणि काही विचारलं नाही.